दु:खाकडून चिंतेकडे

दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस की सुमार, हा प्रश्न कोणताही सिक्वेल आला की विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर तिकीटबारीवर शोधले जाते. 'इनसाइड आऊट' या अॅनिमेशनपटाच्या दोन भागांबाबत तिकीटबारीने दिलेले उत्तर नि:संदिग्ध आहे. २०१५ साली आलेल्या पहिल्या भागाने जगभरात सुमारे ८६ कोटी डॉलरचा गल्ला जमवला होता. १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या दुसऱ्या भागाने जवळपास १७० कोटी डॉलर, म्हणजे पहिल्याच्या दुपटीच्या आसपास मजल मारली. तोपर्यंत कोणत्याही अॅनिमेशनपटाने एवढी कमाई केलेली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेझा २' या चिनी चित्रपटाने हा विक्रम मोडला. तोही सिक्वेलच होता, ही बाब निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

आकडे बाजूला ठेवून हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर मात्र निकाल इतका सरळ राहत नाही. दोन्ही चित्रपट एकाच मुलीच्या डोक्यात घडतात. मुख्य पात्रे तीच आहेत आणि कथेचा सांगाडाही बराचसा तोच आहे. तरीही पहिला चित्रपट पाहताना तो आपल्यासोबत काहीतरी शोधत आहे असे वाटते आणि दुसरा पाहताना, त्याला ठाऊक असलेली गोष्ट तो फार चांगल्या रीतीने समजावून सांगत आहे असे वाटते. हा फरक केवळ समीक्षकांच्या चर्चेपुरता नाही. मुलांसाठी कोणते चित्रपट निघावेत, याचे निर्णय अमेरिकेतील मोजक्या स्टुडिओंमध्ये होतात आणि तेच चित्रपट मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्येही लागतात. 'इनसाइड आऊट २' भारतात अमेरिकेबरोबरच प्रदर्शित झाला आणि त्याच्या हिंदी आवृत्तीतील नायिकेसाठी अनन्या पांडेचा आवाज घेण्यात आला. तेव्हा या यशातून स्टुडिओंनी काय धडा घेतला, याच्याशी येथील पालकांचाही संबंध आहे.

पहिल्या भागाची कथा दोन वाक्यांत सांगता येण्यासारखी आहे. ११ वर्षांची रायली आईवडिलांसोबत मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. नवे घर, नवी शाळा आणि तुटलेल्या मैत्रिणी तिला सोसवत नाहीत, आणि एके दिवशी ती घर सोडून मिनेसोटाच्या बसमध्ये जाऊन बसते. चित्रपटाची सारी कल्पकता ही गोष्ट रायलीच्या डोक्याच्या आतून सांगण्यात आहे. तेथे एका नियंत्रण कक्षात पाच भावना काम करतात. जॉय म्हणजे आनंद, सॅडनेस म्हणजे दु:ख, आणि त्यांच्या जोडीला भीती, राग व किळस. यांच्यात जॉयचा शब्द अखेरचा. रायलीच्या प्रत्येक दिवसाची आठवण सोनेरी रंगाची, आनंदाची असावी, असा तिचा अट्टहास असतो. सॅडनेसचा नेमका उपयोग काय, हे तिला उमगलेले नसते. म्हणून ती सॅडनेसभोवती खडूने एक वर्तुळ आखते आणि त्यातून बाहेर पाऊल टाकू नकोस, असे बजावते. घराघरात रडणाऱ्या मुलाला 'रडू नको, हास बघू' असे म्हणणारे आपण सारे त्या वर्तुळाच्या बाहेर उभे असतो.

या चित्रपटाचे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी त्याच्या निर्मितीची हकिगत अनेकदा सांगितली आहे आणि ती या तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपली मुलगी मोठी होताना अबोल होत चालली, तिच्या डोक्यात काय चालले असेल, या कुतूहलातून त्यांना विषय सुचला. आरंभीच्या आराखड्यांत जॉयसोबत प्रवासाला निघते ती भीती. त्या जोडीवर बराच काळ काम झाले, पण चित्रपट उभा राहीना. एका महत्त्वाच्या बैठकीपूर्वी डॉक्टर फिरायला बाहेर पडले. हे काम आपल्या हातून गेले तर आपल्याला कशाची उणीव भासेल, याचा विचार करताना त्यांना आपली माणसे आठवली, आणि ज्यांच्यासोबत आपण केवळ हसलो नाही तर रागावलो, रडलोही, तीच माणसे सर्वांत जवळची आहेत हे लक्षात आले. परतल्यावर त्यांनी भीतीच्या जागी दु:खाला आणले. म्हणजे चित्रपटाचा आशय हा निर्मितीच्या अर्ध्या वाटेवर, जवळजवळ अपयशाच्या काठावर सापडलेला आहे.

पडद्यावर त्याचा ठसा स्पष्ट दिसतो. नियंत्रण कक्षातून फेकल्या गेलेल्या जॉय आणि सॅडनेस रायलीच्या स्मृतींच्या चक्रव्यूहात भटकताना बिंग बाँग नावाच्या प्राण्याला भेटतात. हा रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी. थोडा हत्ती, थोडा बोका, थोडा डॉल्फिन आणि अंगाने साखरेच्या कापसाचा. त्याची गाणे गाऊन उडणारी गाडी विस्मृतीच्या दरीत ढकलली जाते, तेव्हा तो मटकन खाली बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, तोंडे वेडावून दाखवते, खेळाचे आमिष दाखवते. काहीही उपयोग होत नाही. सॅडनेस केवळ त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि तुझी आवडती वस्तू गेली, याचे वाईट वाटणारच, एवढेच म्हणते. तो तिच्या खांद्यावर रडतो आणि मग उठून चालू लागतो. मिनिटभराचाही नसावा असा हा प्रसंग अवघ्या चित्रपटाचा गाभा आहे आणि त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. पुढे विस्मृतीच्या दरीतून जॉयला वर पोहोचवण्यासाठी बिंग बाँग स्वत: गाडीतून उडी मारतो आणि विरून जातो. मुलांच्या चित्रपटात एक पात्र नाहीसे होते आणि अखेरपर्यंत परत येत नाही, हे धारिष्ट्य त्या चित्रपटात होते.

शेवटी घरी परतलेली रायली आईवडिलांसमोर रडते, तेव्हा तिच्या डोक्यात निम्मी निळी आणि निम्मी सोनेरी अशी एक आठवण तयार होते. तोवर प्रत्येक आठवणीला एकच रंग असतो, हा त्या जगाचा नियमच होता. चित्रपट आपल्याच जगाचा नियम बदलून संपतो आणि प्रेक्षकाला तो बदल सांगावा लागत नाही, दिसतो. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर त्याने पटकावले आणि मूळ पटकथेसाठीही त्याला नामांकन मिळाले होते.

अशा पूर्ण झालेल्या गोष्टीला दुसरा भाग कसा जोडायचा? पहिल्या भागाच्या अखेरीस नियंत्रण कक्षातल्या नव्या यंत्रावर एक लाल दिवा दिसतो. पौगंडावस्थेचा. तो विनोद म्हणून ठेवलेला होता. नऊ वर्षांनी त्याच दिव्यापासून नवी कथा सुरू झाली. रायलीला तेरावे वर्ष लागलेले आहे, एका रात्री तो दिवा पेटतो, कामगारांची टोळी येऊन कक्षाची मोडतोड करते आणि दुसऱ्या दिवशी चार नव्या भावना दारात उभ्या राहतात. अँग्झायटी म्हणजे चिंता, आणि तिच्यासोबत हेवा, संकोच व कंटाळा. रायली तीन दिवसांच्या आइस हॉकी शिबिराला निघालेली असते. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी पुढील वर्षी वेगळ्या शाळेत जाणार असल्याचे तिला वाटेतच कळते, आणि नव्या शाळेतल्या मोठ्या मुलींच्या संघात शिरकाव करून घेण्यासाठी ती या मैत्रिणींनाच दूर सारू लागते.

केल्सी मान यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. स्वत:च्या लहानपणीच्या वाढदिवसांची छायाचित्रे पाहताना, पाचव्या वर्षी दिलखुलास हसणारा मुलगा पुढील छायाचित्रांत हळूहळू अवघडत गेलेला त्यांना दिसला, आणि त्यातून त्यांना विषय मिळाला. पटकथेवर पहिल्या भागातील मेग लफॉव यांच्यासोबत डेव्ह होल्स्टाइन यांनी काम केले. मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यात आला आणि कुमारवयीन मुलींच्या एका गटाला चित्रपट तयार होत असताना वेळोवेळी दाखवून त्यांची मते विचारात घेतली गेली. अपराधीपणा आणि शरम या भावनांचाही सुरुवातीला विचार झाला होता, पण त्यांनी चित्रपट फार जड होऊ लागल्याने त्या गाळण्यात आल्या. हा सारा तपशील कामातील कसोशीची साक्ष देणारा आहे. त्याचबरोबर एक गोष्टही त्यातून कळते. पहिल्या चित्रपटाला आपण काय म्हणणार आहोत हे ठाऊक नव्हते. दुसऱ्याला बरेच आधीपासून ठाऊक होते.

भरताच्या नाट्यशास्त्राशी तोंडओळख असलेल्या मराठी वाचकाला येथे एक गंमत जाणवेल. आठ स्थायी भावांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे चार पहिल्या चित्रपटात जसेच्या तसे हजर आहेत. दुसऱ्या भागात आलेल्यांपैकी असूया, चिंता आणि व्रीडा ही नावे मात्र ३३ व्यभिचारी, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावांच्या यादीत सापडतात. पिक्सारमध्ये कोणी भरतमुनींचा ग्रंथ उघडला असेल असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या भागासाठी त्यांनी पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे साह्य घेतले होते. पण ही विभागणी दोन चित्रपटांतील फरकावर नेमके बोट ठेवते. पहिल्यात मूलभूत भावनांमधील कायमचा झगडा आहे. दुसऱ्यात घडते ते एवढेच की, येऊन जाणारा भाव सिंहासनावर बसतो आणि अखेरीस त्याला उठवून बाजूच्या खुर्चीत बसवावे लागते. संघर्ष खरा आहे, त्याची खोली कमी आहे.

अँग्झायटी हे पात्र मात्र अप्रतिम जमले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. विस्कटलेले नारिंगी केस, रुंद जबडा, हातात अर्धा डझन पिशव्या घेऊन आलेली ही बया दुष्ट नाही. भीती डोळ्यांसमोरच्या संकटापासून रायलीला वाचवते, मी न दिसणाऱ्या संकटांपासून वाचवते, अशी तिची भूमिका आहे. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. काळजी करतो आणि काळजी घेतोही. अँग्झायटीची गफलत नेमकी याच ठिकाणी होते; आपण रायलीची काळजी घेत आहोत अशी तिची प्रामाणिक समजूत असते. मुलाच्या दहावीच्या वर्षी आपल्या घरातील वातावरण आठवणाऱ्या कोणत्याही पालकाला ही बया ओळखीची वाटेल. मध्यरात्री ती रायलीच्या कल्पनाविश्वातील चित्रकारांना रांगेने बसवून, उद्या काय काय बिघडू शकते याची चित्रे काढून घेते, तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत तल्लख आहे. मेजांच्या रांगा, समोर मोठ्या पडद्यावर साहेबांचा चेहरा, आणि मान खाली घालून भयाची रेखाटने करणारे अॅनिमेटर. ही रेखाटने करवून घेणाऱ्या पिक्सारने चित्रपट प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी, मे २०२४ मध्ये, आपल्या सुमारे १४ टक्के कर्मचाऱ्यांना नारळ दिला होता.

चित्रपट ढिला पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. पहिल्या भागात जॉय नियंत्रण कक्षातून बाहेर फेकली जाते आणि मनाच्या दूरच्या प्रदेशांतून वाट काढत परतते. दुसऱ्या भागातही तेच. तेथे स्वप्नांचा कारखाना आणि अमूर्त विचारांची खोली होती, येथे गुपितांची तिजोरी आणि उपरोधाची दरी आहे. तिजोरीत भेटणारे जुन्या बालमालिकेतले पात्र व संगणकीय खेळातला लटका वीर मजेदार आहेत, पण ते विनोदासाठीच आहेत. बिंग बाँगची जागा रिकामीच राहते. नऊ भावनांचा संसार दीड तासात सांभाळायचा म्हटल्यावर कोणाच्या तरी वाट्याला कमी येणार हे उघड आहे. हेव्याच्या वाट्याला काही संवाद आले आहेत, आणि कंटाळा सोफ्यावर पडून मोबाइलवरून कळ दाबण्यापुरता उरतो. जुन्या भावनांपैकी भीती आणि किळस यांचे आवाजही बदलले आहेत. बिल हेडर आणि भारतीय वंशाच्या मिंडी केलिंग दुसऱ्या भागात नाहीत.

याहून मोठी अडचण जॉयची आहे. दु:खाला जागा दिल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही, हे ती पहिल्या भागाच्या अखेरीस शिकलेली होती. दुसऱ्या भागाच्या आरंभी ती काय करताना दिसते? रायलीच्या अप्रिय आठवणी एका नळीतून मनाच्या पार मागे फेकून देते, आणि केवळ चांगल्या आठवणींतून 'मी चांगली मुलगी आहे' हा तिचा विश्वास घडवते. म्हणजे सिक्वेलला कथा हवी म्हणून नायिकेला तिचा आधीचा धडा विसरायला लावले आहे. सिक्वेल या प्रकाराचे हे जुनेच दुखणे आहे. ज्याचा प्रवास पूर्ण झाला त्याला पुन्हा चालायला लावायचे तर आधी त्याला उलटे मागे न्यावे लागते. यावर कोणी असेही म्हणेल की, आपण मोठी माणसे तरी एकदा शिकलेला धडा कोठे लक्षात ठेवतो? मुद्दा बिनतोड आहे. परंतु चित्रपट स्वत: तो मांडत नाही. जॉय पूर्वी हेच शिकली होती, याची आठवण त्यातील कोणालाही होत नाही.

हे सारे दोष क्षणभर विसरायला लावणारा प्रसंग चित्रपटाच्या अखेरीस येतो. सामन्यात वाट्टेल त्या थराला जाऊन खेळणारी रायली आपल्याच मैत्रिणीला धडकून पाडते आणि पेनल्टी बॉक्समध्ये दोन मिनिटांसाठी एकटी बसवली जाते. तिला श्वास घेता येईनासा होतो. डोक्याच्या आत अँग्झायटी नियंत्रण यंत्राभोवती वावटळीसारखी फिरत असते, इतकी वेगाने की ती त्या वावटळीच्या मध्यावर गोठून उभी असलेली दिसते, डोळ्यांत पाणी. आपल्यालाही आता हे थांबवता येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येते. पॅनिक अॅटॅक म्हणजे काय हे मुलांच्या चित्रपटात इतक्या अचूकपणे क्वचितच दाखवले गेले असेल. रायली भानावर येते तीही भाषणबाजीने नव्हे. तिला हाताखालचा बाक जाणवतो, बर्फावर घासणाऱ्या स्केट्सचा आवाज ऐकू येतो, अंगावर ऊन पडते. अशा झटक्यातून बाहेर पडण्यासाठी समुपदेशक साधारण हाच मार्ग सुचवतात. स्पर्श, आवाज, श्वास.

येथे दोन्ही चित्रपटांमधील एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या भागात रायली कोसळते ती आईवडिलांच्या मिठीत. दुसऱ्या भागात आईवडील शिबिराच्या दारातच मागे राहिलेले असतात आणि ती कोसळते काचेच्या पेटीत, एकटी. सावरायला येतात त्या मैत्रिणी. तेराव्या वर्षी पालकांची जागा नेमकी एवढीच उरते, हे लेखकांनी बरोबर हेरले आहे. पहिला चित्रपट पालकांच्या बाजूने, त्यांच्या हुरहुरीतून लिहिलेला होता. दुसरा मुलांच्या बाजूने लिहिलेला आहे. २०१५ साली ११ वर्षांचे असलेले प्रेक्षक २०२४ मध्ये विशीत पोहोचले होते, आणि मधल्या काळात त्यांनी कोरोनाच्या साथीतील बंद शाळा पाहिल्या होत्या. आपल्या मनातील गोंधळाला पडद्यावर नाव आणि चेहरा मिळालेला पाहण्यासाठी ते मोठ्या संख्येने आले असतील, तर त्यात आश्चर्य नाही. कलाकृती म्हणून पहिला भाग निर्विवाद वरचढ आहे. वयात येणाऱ्या मुलासोबत बसून एकच पाहायचा असेल तर मात्र दुसरा पाहावा.

आता वळायचे ते स्टुडिओच्या डोक्यात काय चालले होते याकडे. १९९५ ते २००९ या काळात पिक्सारने दहा चित्रपट काढले. त्यांत 'टॉय स्टोरी २' हा एकमेव सिक्वेल होता, आणि तो पहिल्या भागाच्या तोडीस तोड ठरला. मुळात तो थेट व्हिडिओवर आणण्याचे ठरले होते. त्या काळात डिस्नेचा हाच परिपाठ होता. 'अल्लादीन', 'लायन किंग' यांचे पुढील भाग स्वस्तात काढून कॅसेटच्या दुकानांत पाठवले जात. २००६ मध्ये डिस्नेने ७४० कोटी डॉलरना पिक्सार विकत घेतल्यावर, पिक्सारचे जॉन लॅसेटर यांच्याकडे सूत्रे आली आणि ही सिक्वेलची गिरणी बंद झाली. पुढील दशकात चित्र उलटे झाले. २०१० ते २०१९ मध्ये पिक्सारच्या ११ चित्रपटांपैकी सात जुन्या चित्रपटांचे पुढील वा मागील भाग होते. फरक एवढाच की ते आता दुकानांत नव्हे, चित्रपटगृहांत येत होते आणि त्यांच्यावर पैसा पाण्यासारखा ओतला जात होता.

त्यानंतर कोरोना आला. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तीनही स्वतंत्र कथांचे चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांऐवजी डिस्नेच्या ऑनलाइन सेवेवर सोडण्यात आले, आणि पिक्सारचा चित्रपट घरबसल्या पाहायचा असतो, अशी सवय प्रेक्षकांना लागली. २०२२ चा 'लाइटइयर' आपटला. २०२३ मधील 'एलिमेंटल' या स्वतंत्र चित्रपटाची सुरुवात जेमतेम तीन कोटी डॉलरने झाली. तोंडी प्रसिद्धीवर तो पुढे ५० कोटींच्या जवळ पोहोचला, पण तोवर त्याच्यावर अपयशाचा शिक्का बसलेला होता. या पार्श्वभूमीवर २० कोटी डॉलर खर्चून 'इनसाइड आऊट २' आला. पहिल्या तीन दिवसांत त्याने एकट्या अमेरिका-कॅनडात सुमारे साडेपंधरा कोटी कमावले, तीन आठवड्यांच्या आत जगभरात १०० कोटींचा टप्पा ओलांडला, आणि मेक्सिको व ब्राझीलमध्ये तर त्याने गर्दी खेचली. ऑनलाइन सेवेवर तो तीन महिन्यांहून अधिक काळाने, २५ सप्टेंबर २०२४ रोजी आला. चित्रपटगृहांचे मालक या बातमीने सुखावले.

यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. चित्रपट मनापासून केला आणि तो चित्रपटगृहात पुरेसा वेळ राहिला तर प्रेक्षक येतात, हा एक. लोकांना ओळखीचीच पात्रे हवी असतात, हा दुसरा. डिस्नेने कोणता काढला, हे पुढील घोषणांवरून दिसले. ऑगस्ट २०२४ मध्ये 'इन्क्रेडिबल्स'चा तिसरा भाग जाहीर झाला. 'टॉय स्टोरी'चा पाचवा भाग जून २०२६ साठी ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला 'मोआना २' हा तर मुळात ऑनलाइन मालिका म्हणून योजलेला होता. त्याच वर्षी त्याचे चित्रपटात रूपांतर झाल्याचे जाहीर झाले. मालिकेचे भाग जोडल्याचे सांधे त्यात जागोजाग दिसतात, पहिल्या भागाची गाणी रचणारे लिन-मॅन्युएल मिरांडाही त्यात नाहीत. तरीही त्याने १०० कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि पहिल्या 'मोआना'ला बरेच मागे टाकले. 'इनसाइड आऊट २' ला मिळालेल्या यशाचे श्रेय त्याच्या गुणांना द्यावे, तर त्या गुणांचा अभाव असलेल्या चित्रपटालाही तेच यश मिळाले, हे कसे समजावून सांगायचे?

पहिला 'इनसाइड आऊट' आला तेव्हा त्याच्या पाठीशी कोणताही जुना चित्रपट, पुस्तक वा खेळणे नव्हते. तरीही अमेरिकेत त्याने पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस नऊ कोटी डॉलर मिळवले. स्वतंत्र कथेच्या चित्रपटासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. दहा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, पिक्सारचाच 'एलिओ' हा स्वतंत्र कथेचा चित्रपट आला. परग्रहवासीयांनी आपल्याला घेऊन जावे अशी आस लागलेल्या एका एकाकी मुलाची ती गोष्ट होती. त्याला पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे दोन कोटी दहा लाख डॉलर मिळाले. पिक्सारच्या इतिहासातील ही सर्वांत कमकुवत सुरुवात ठरली. म्हणजे दोष केवळ स्टुडिओच्या माथी मारता येत नाही. सिक्वेलच का काढता, असे विचारणारे प्रेक्षक स्वतंत्र चित्रपट लागला तेव्हा घरी बसले होते.

मार्च २०२५ मधील ऑस्कर सोहळ्यात 'इनसाइड आऊट २' ला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटासाठी नामांकन होते. पुरस्कार मिळाला तो लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या 'फ्लो' या चित्रपटाला. महापुरातून नावेने निघालेल्या एका मांजराची ही गोष्ट. त्यात एकही संवाद नाही, आणि तो कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या ब्लेंडर या संगणकप्रणालीवर, सुमारे ३५ लाख युरोंत तयार झाला. 'इनसाइड आऊट २' च्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम दोन टक्क्यांच्या आतबाहेर भरते. त्याच महिन्यात डिस्नेने आणखी एक घोषणा केली. 'कोको' या २०१७ च्या चित्रपटाचा दुसरा भाग पिक्सार काढणार असून तो २०२९ मध्ये प्रदर्शित करण्याचा मानस आहे.